कोल्हापूर सोडताना

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी एका सभासद भगिनीने निरोपादाखल केलेले भाषण)



गेली अकरा वर्षे मी या मंडळात सतरंज्या घातल्या, चहाचे कप मोजले आणि भिशीची वही लिहिली. बोलण्याचे काम माझ्याकडे कधी आले नाही, आणि मीही ते कधी मागितले नाही. आज वहिनींनी हाताला धरून उभे केले आहे. कागदावर चार ओळी लिहून आणल्या होत्या. पण हळदीकुंकू लावताना कागद कुंकवाने भरला, तेव्हा आता आठवेल तसे बोलते. मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

मी पुढच्या आठवड्यात त्रिचूरला चालले. वर्तमानपत्रात त्याला त्रिशूर म्हणतात, पण आमच्या गलाईवाल्यांच्या तोंडी त्रिचूरच. केरळात आहे. आपल्यापैकी निम्म्या जणींना ते ठाऊक आहे, कारण गेली कित्येक वर्षे 'मालक कुठे असतात' या प्रश्नाला मी हेच उत्तर देत आले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडीकडची माणसे पाऊसपाणी नाही म्हणून घर सोडून निघाली आणि सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात पडली. तामिळनाडू, केरळ, बंगाल, दिल्ली, जिथे सराफकट्टा आहे तिथे आमच्याकडचा एखादा माणूस भट्टी घालून बसलेला सापडेल. यांना यांच्या मामांनी मिसरूड फुटायच्या आत त्रिचूरला नेले. तिथे दागिन्यांचा धंदा फार मोठा, त्यामुळे कामाला तोटा नाही.

काम काय असते ते मी एकदाच डोळ्यांनी पाहिले आहे. जुने मोडीचे सोने आले की त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून मुशीत आटवतात. मग ते तेजाबात घालतात. तेजाबात चांदी विरघळून जाते आणि सोने तळाशी राहते, काळपट, चहाच्या चोथ्यासारखे. ते धुऊन पुन्हा आटवले की मग पिवळे होते. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकली की चांदी परत खाली बसते. वाया काहीच जात नाही. मात्र तेजाबातून तांबूस धूर निघतो, तो छातीत जातो. आता धूर ओढून नेणारी यंत्रे आली आहेत. यांच्या दुकानात ते यंत्र आले, पण उशिरा.

आमचे लग्न २००१ साली झाले. मी एकोणीस वर्षांची होते, शाळा सातवीपर्यंत झालेली. लग्नानंतर सोळाव्या दिवशी हे परत गेले. आत्याबाईंचे घर इथे शुक्रवार पेठेत, त्यांना एकटे ठेवता येत नव्हते, म्हणून मी इथे राहिले. पुढे मुलांची शाळा म्हणून राहिले. मग आत्याबाईंचे दुखणे म्हणून राहिले. दर वेळी कारण खरेच होते.

परवा भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर मी एक हिशेब मांडला. हे दिवाळीला यायचे आणि एकदा गावच्या जत्रेला यायचे. वर्षाचे धरा पस्तीस दिवस. चोवीस वर्षांचे झाले आठशे चाळीस. म्हणजे संसार चोवीस वर्षांचा आणि सहवास सव्वादोन वर्षांपेक्षा थोडा जास्त. मी आकडा दोनदा ताडून पाहिला. भिशीच्या वहीत माझी बेरीज आजवर चुकलेली नाही हे आपण जाणताच.

मग बाकीची पावणेबावीस वर्षे मी कुणाबरोबर काढली? तर या गावाबरोबर. हे लाडाने म्हणत नाही, घडले तसेच सांगते आहे.

आले तेव्हा मला रस्ता ओलांडता येत नव्हता. आमच्या गावाला रस्ता एकच, तो ओलांडण्याचा प्रश्नच नव्हता. आत्याबाई मला दर शुक्रवारी अंबाबाईला न्यायच्या. जाताना एका वाटेने, येताना दुसऱ्या. महाद्वार रोड, गंगावेस, पापाची तिकटी, बिंदू चौक. सहा महिन्यांत सगळे गाव पायाखालून घातले. त्यांनी मला सांगितले होते, "वाट चुकलीस तर कुणालाबी इचार, देवीचं देऊळ कुठं म्हणून. देवळापासनं घर तुला ठाव हायच." तेव्हापासून कशातही गोंधळले की मी आधी देवळात जाते.

किरणोत्सव आपण सगळ्याच बघतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असे व्हायला हवे. कधी ढग आडवे येतात, कधी धुरकट हवा. मी इतकी वर्षे गेले, आणि मुखापर्यंत गेलेली किरणे मला एकदाच दिसली. त्या दिवशी शेजारी उभी असलेली, मुळीच ओळख नसलेली एक म्हातारी माझा हात घट्ट धरून रडत होती. मीही रडले. कशासाठी ते दोघींनीही एकमेकींना विचारले नाही.

धाकट्याच्या वेळेची गोष्ट माझ्या शेजारणींना पाठ आहे, तरी सांगते. २००५ सालचा जुलै, रात्रीचे दोन, धो धो पाऊस. हे त्रिचूरला. रिक्षा बोळात शिरेना. तालमीची पोरे उठून आली आणि मला खुर्चीसकट उचलून रस्त्यापर्यंत नेली. त्यातल्या एकाने डोक्यावर पोत्याची खोळ धरली होती, ती माझ्यासाठी. तो स्वतः भिजत होता. दवाखान्यात नाव लिहिताना बाईंनी विचारले, "यातले बाळाचे वडील कोण?" सातही पोरे एकदम मागे सरकली. आज त्यांची स्वतःची मुले शाळेत जातात, पण मी समोर दिसले की अजून लाजतात.

आणि २०१९ चा महापूर. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या ऑगस्टात, केरळात पूर आला होता. त्रिचूर जिल्ह्यातही पाणी चढले होते. दोन दिवस यांचा फोन लागला नाही. त्या दोन दिवसांत मी टीव्हीसमोरून उठले नाही, आणि मला न समजणाऱ्या त्या बातम्यांत एखाद्या होडीत यांचे तोंड दिसते का ते शोधत होते. तिसऱ्या दिवशी फोन आला. हे म्हणाले, दुकान ठीक आहे, मी ठीक आहे, जेवण झालं का? मी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच इतकी चिडले. माणूस जिवंत आहे याचा आनंद बाजूला, आणि 'जेवण झालं का' यावर राग.

वर्षभराने पाळी आमची. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांवर गेले. आमच्या पेठेत पाणी यायला लागले तेव्हा आत्याबाईंना उचलून वरच्या गल्लीतल्या शाळेत नेले. मी धान्याचे डबे माळ्यावर चढवले, मुलांची दाखल्यांची पिशवी गळ्यात अडकवली, आणि मग दाराशी उभी राहून विचार करत बसले की यांच्या वस्तूंपैकी काय घ्यावे. यांचे असे या घरात होते तरी काय? दोन शर्ट, एक दाढीचे सामान, लग्नातला फेटा. फेटा घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही.

महामार्गावर पाणी आल्याने पुण्याकडची वाट बंद झालेली, पेट्रोल नाही, दूध नाही. हे निघायला तयार होते, पण केरळातही त्याच आठवड्यात पुन्हा पाऊस आणि पूर. दोन पुरांच्या दोन टोकांना आम्ही दोघे. शाळेच्या वर्गात आम्ही तीस-पस्तीस माणसे होतो. वरच्या पेठांतल्या बायकांनी भाकऱ्या थापून पाठवल्या. पहिल्या दिवशी मी त्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी मला बसवेना, म्हणून मीही परात घेऊन बसले. या मंडळातल्या किती तरी जणींची खरी ओळख मला त्या परातींभोवती झाली. त्याआधी आपण एकमेकींना वाण देत होतो इतकेच.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ. तो काढायला आठ दिवस लागले. हे अकराव्या दिवशी पोहोचले तेव्हा घर धुऊन झाले होते, भिंती वाळत होत्या. दारात उभे राहून म्हणाले, "मी काय करू?" मी म्हटले, "आता काय करता? बसा, चहा करते." पाहुण्याला म्हणतात तसेच म्हणाले मी. ते त्यांना लागले हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

आता खरे बोलायचे ठरवले आहे तर तेही सांगते. हे सुट्टीला यायचे तेव्हा पहिले आठ दिवस फार चांगले जायचे. स्टेशनवरून उतरले की आधी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचे समोर काढलेले, फेसाळलेले दूध प्यायचे, मग घरी. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. मुलांना खासबागेत कुस्त्या. पण दहाव्या दिवसापासून मला घर अरुंद वाटू लागायचे. टीव्हीचा आवाज मोठा, चहाची वेळ वेगळी, माझ्या भाजीवालीशी यांची घासाघीस. पंधराव्या दिवशी मी मनातल्या मनात परतीची तारीख मोजायची. हसू नका. ज्यांचे मालक बाहेरगावी आहेत त्यांनी तरी हसू नये. आणि हे गेले की त्याच रात्री त्यांच्या उशीवर डोके ठेवून झोपायची. दोन्ही खरे आहे.

म्हणून मला भीती वाटते. केरळची नाही, भाषेची नाही. सुट्टी नसलेला नवरा मला ठाऊक नाही, त्याची भीती वाटते.

हे सगळे ठरले ते या दिवाळीत. दीड वर्षापूर्वी आत्याबाई गेल्या. थोरली इचलकरंजीला सुखात आहे. धाकटा तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला आहे, तो त्याच्या आत्याकडे राहील. दिवाळीत हे आले ते खोकतच. रात्री उठून बसायचे. डॉक्टरांनी भट्टीपासून लांब राहायला सांगितले आहे. हिशेब बघा, गिऱ्हाईक बघा, तेजाबाला हात लावू नका. यांनी मला म्हटले, "दुकान मोडतो आणि येतो कायमचा." मी एक रात्र विचार केला. इथे येऊन काय करतील? दुकानासाठी घेतलेले कर्ज आणखी दोन वर्षे आहे, पोराची फी आहे, आणि तीस वर्षे ज्या माणसाने भट्टीपुढे काढली त्याला गंगावेशीत कोण काम देणार? सकाळी चहा देताना म्हटले, "तुम्ही येऊ नका. मीच येते." यांचा कप हातात तसाच राहिला.

तेव्हा मला कुणी पाठवलेले नाही. आपल्यातल्या दोघी-तिघींनी मला आडून विचारले, "सक्ती झाली का गं?" तर तसे नाही. आणि दोघी-तिघींनी असेही म्हटले की या वयात कशाला हा खुळेपणा. त्यांना माझ्याजवळ उत्तर नाही.

तिकडे जाऊन मी नुसती बसणार नाही. यांच्या आणि आसपासच्या दुकानांतून आमच्याकडची चौदा पोरे आहेत. अठरा-वीस वर्षांची, जाड लाल भाताला आणि खोबरेल तेलाच्या भाजीला कंटाळलेली. त्यांना दोन वेळचा डबा द्यायचा. भाकरी, पिठले, वांगे, आठवड्यातून एकदा मटणाचा रस्सा, तांबडा आणि पांढरा दोन्ही. हिशेब मांडला आहे, जमेल असे दिसते. काठवट, बिडाचा तवा आणि पाच किलो कांदा-लसणाची चटणी घेऊन चालले आहे. चटणी डंकावर माझ्यासमोर कुटून घेतली. दर वर्षी यांच्यासाठी बांधून द्यायची, यंदा चटणीबरोबर मीही.

भाषा शिकते आहे. धाकट्याच्या जुन्या वहीत शब्द लिहिते. पाण्याला वेळ्ळम्, लसणाला वेळुत्तुळ्ळी. हा शब्द म्हणेपर्यंत फोडणी जळायची. आणि गंमत म्हणजे तिकडे दुकानात शर्करा मागितली तर गूळ देतात! साखरेला पंचसार म्हणतात. गुळाच्या गावाहून जाणाऱ्या बाईला हे बरेच झाले. आणखी एक. आपण कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतो. मलाही इथे येऊन तीच सवय लागली. त्यावरून पुण्याच्या पाहुण्या आपल्याला हसतात. तर त्यांच्या भाषेत क्रियापद बाईला आणि पुरुषाला एकच असते. 'वन्नु' म्हटले की आला, आली, आलो, सगळे झाले. तिथे मला कुणी हसणार नाही.

२०१४ साली मुलांना घेऊन आठ दिवस तिथे जाऊन आले होते. गावाच्या मधोमध वडक्कुन्नाथन म्हणजे शंकराचे मोठे देऊळ, त्याभोवती मैदान, आणि मैदानाभोवती गोल रस्ता, त्याला स्वराज राउंड म्हणतात. एके संध्याकाळी मी एकटीच निघाले आणि वाट चुकले. गोल रस्ताच तो, चालत राहिले, आणि निघाले होते तिथेच परत आले. आत्याबाईंची आठवण झाली. त्या रस्त्याजवळच पारमेक्काव भगवतीचे देऊळ आहे. देवी आहे म्हटल्यावर माझे अर्धे काम झाले. शुक्रवारी जाता येईल.

पण खोटे कशाला बोलू? ती काही अंबाबाई नव्हे. आषाढात पी ढबाक वाजत त्र्यंबोलीला नवे पाणी निघेल तेव्हा मी तिथे नसेन. श्रावणात झिम्मा-फुगडीच्या स्पर्धेत आपल्या मंडळाचा संघ एका बाईने कमी पडेल. आणि केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री ते जळाले तेव्हा आपण सगळ्याच धावत गेलो होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेली ती वास्तू. आयुष्यातले पहिले नाटक मी तिथे आत्याबाईंच्या शेजारी बसून पाहिले. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून मोठमोठी माणसे रडत होती. मला तेव्हा वाटले होते, हे गाव सोडून जाणाऱ्या माणसाला काय वाटत असेल. मनात आलेले असे पुढे यावे!

गेल्या महिन्यात मी गावाचा निरोप घ्यायला म्हणून रोज एका ठिकाणी जायचे ठरवले होते. पंचगंगेच्या घाटावर गेले, रंकाळ्यावर गेले, टेंबलाईला गेले. काहीच झाले नाही. नेहमीसारखेच वाटले, फक्त पाय दुखले. पण परवा गॅसचे कार्ड बंद करायला गेले, तिथल्या पोराने विचारले, "काकू, पत्ता बदलायचा की कार्ड बंद करायचं?" आणि मला उत्तर देता येईना. मागे रांग उभी होती. शेवटी म्हणाले, "राहू दे, नंतर येते," आणि घरी आले. ते कार्ड अजून बंद केलेले नाही. धाकट्याला सांगितले आहे, तू कर. तोही करेल असे दिसत नाही.

आता मंडळाचे काम. घराची किल्ली समोरच्या आक्कांकडे आहे. कुंडीतल्या तुळशीला पाणी त्याच घालतील, मंडळाने त्यांना आठवण करू नये, त्यांना राग येतो. सतरंज्या एकोणीस आहेत, वीस नव्हेत. विसावी गेल्या कोजागिरीला गेली, ती कुणाकडे आहे ते मला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. भिशीची वही मी वहिनींच्या स्वाधीन करते. हिशेब आजपर्यंतचा पुरा आहे, मागचे एक पान तेवढे फाडून घेतले आहे. माझा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवरून येत जाईल. चिठ्ठीत माझा नंबर अजून लागायचा आहे. लागला तर पैसे फोनवर पाठवू नका, इथेच ठेवा. मी न्यायला येईन.

चहा झाला असेल, मी बघून येते.